नाव आलं त्या वर्षी

स्कारवॉय बेटाला पूल मिळाला त्या ऑक्टोबरात
फेरीबोट बंद झाली.
बँड वाजला, महापौरांनी फीत कापली,
पोरांना गरम सॉसेज वाटले,
आणि माझी बायको गुनवोर
धक्क्यावरच्या खांबाला टेकून उभी राहिली,
पुलाकडे पाठ करून,
रिकाम्या पाण्याकडे बघत.

तोवर कुणाला कळलंच नव्हतं.
कळणार कसं?
पूलच नव्हता तिथे पुलाची भीती
दिसणार कशात?

मी म्हणालो, हट्ट.
माझी बहीण बोर्गहिल्ड म्हणाली, थेरं.
एकदा मागच्या सीटवर आडवी झाली,
माझा रेनकोट डोक्यावरून घेऊन.
अर्ध्यावर चालत्या गाडीचं दार उघडलं.
त्यानंतर मी पुन्हा विचारलं नाही.
नावं मात्र ठेवत राहिलो.

ती स्वतः त्याला हवामान म्हणायची.
"आज हवामान बरं नाही,"
सुन्निवाला फोनवर सांगायची.
बाहेर लख्ख ऊन.
पलीकडच्या किनाऱ्यावर लेक सात महिन्यांची पोटुशी.

तिसऱ्या वर्षी दर गुरुवारी एक डॉक्टर यायला लागला,
टेल्नेस, बर्गनचा, कोवळ्या दाढीचा.
त्याने पिवळ्या चिठ्ठीवर लिहून दिलं:
गेफायरोफोबिया.
नाव गेली होती. नाव आलं.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून
अक्षराखाली बोट सरकवत तिने ते वाचलं.
"ग्रीक आहे म्हणे.
पहिल्या अर्ध्याचा अर्थच पूल."
मग हसली, कितीतरी दिवसांनी.
"म्हणजे भीतीपर्यंत जायचं तरी
आधी पूल ओलांडायचा."
त्या रात्री ती गाढ झोपली.
कुठेतरी, कधीतरी, इतकी माणसं घाबरली होती
की कुणाला तरी त्यासाठी शब्द घडवावा लागला,
एवढं तिला पुरलं.

झोप उडाली ती माझी.
हट्टावर रागावता येतं.
ग्रीक शब्दावर कुणी कसं रागवायचं?
आणि मागच्या रागाचं काय करायचं,
तो परत कुठे ठेवायचा?

पण नाव घरात राहीना.
दुकानातला आर्नुल्फ विचारायचा,
"काय म्हणतोय फोबिया?"
शेजाऱ्याच्या कुत्र्याची चौकशी करावी तसं.
सुन्निवा म्हणाली, "आई, तुला ते आहे ना,
मग नकोच येऊस. बाळाचे फोटो पाठवते."
प्रेमानेच म्हणाली.
गुनवोरने फोन ठेवला, चूल पुसली,
पुसलेली चूल पुन्हा पुसली.
"हवामान होतं," म्हणाली,
"तेव्हा निदान बदलेलसं वाटायचं."

मार्चमध्ये कॉड साफ करता करता
तिचा सुरा थांबला.
"बाबा," ती म्हणाली.
एडविन, तिचा बाप.
सख्ख्या भावाची पेटी नदीपलीकडच्या चर्चमध्ये गेली
तेव्हा लाकडी साकवाच्या अलीकडे
टोपी हातात धरून उभा राहिलेला माणूस.
घंटा थांबेपर्यंत उभा होता.
पुढे एकतीस वर्षं गाव त्याला दगड म्हणालं.
घरातलेही म्हणाले.
"मीसुद्धा," ती म्हणाली.
हात न धुताच तिने पिवळी चिठ्ठी काढली
आणि त्या शब्दाखाली पेन्सिलीने
बापाचं नाव लिहिलं.
कागदावर खवले चिकटले.
ते अजून आहेत.

आता संध्याकाळी ती पुलाच्या
पहिल्या दिव्याच्या खांबापर्यंत जाते.
कधी नुसती वळणापर्यंत.
मी अलीकडे थर्मास घेऊन थांबतो.
परत आली की तो शब्द मी काढत नाही.
कॉफी ओततो, विचारतो,
"हवामान कसं होतं?"

"वारा आहे," म्हणते.
"पण दुसरा खांब दिसत होता."